पहाटेची हजेरी

लाल कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, तहसील कचेरीच्या कपाटांत शेकड्यांनी आढळावी अशी एक जाडजूड वही इंदापूर तालुक्यातील एका घराच्या ओसरीवर माझ्यापुढे उघडून ठेवण्यात आली, तेव्हा प्रथमदर्शनी ती मला एखाद्या तलाठी सज्जाच्या दप्तरातून घरी राहून गेलेली नोंदवहीच वाटली. पट्टीने आखलेले रकाने, त्यांवर अनुक्रमांक, तारीख, 'पासून', 'पर्यंत', विषय, एकूण मिनिटे आणि शेरा अशी शीर्षके, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मागून आणलेली व पुढे नेलेली बेरीज. मात्र विषयाच्या रकान्यात वारसनोंद किंवा पीकपाहणी यांऐवजी संख्याशास्त्र, पायथन, डेटाबेस असे शब्द होते, 'पासून' या रकान्यात बहुतेक ठिकाणी पहाटेचे चार वाजलेले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात जेथे हजेरी चुकली होती तेथे तिचे कारण एकेका ओळीत नमूद होते: 'गारपीट, पंचनामे', 'लाइट नाही', 'मुलीस ताप', 'सर्व्हर रात्री चालू, नोंदी घेतल्या'. शेवटच्या भरलेल्या पानाच्या तळाशी तीन वर्षांची एकूण बेरीज होती: दोन हजार एकशे चाळीस तास.

गावकरी तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि आपले नाव छापले जाऊ नये अशी वहीच्या मालकांची इच्छा असल्यामुळे मीही त्यांना येथे भाऊसाहेब असेच म्हणणार आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन २०१३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते तलाठी झाले. अकरा वर्षे त्यांनी महसूल खात्याची चाकरी केली. आणि २०२४ च्या अखेरीस राजीनामा मंजूर करून घेऊन ते पुण्यातील एका लहान कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. एक नोकरी पूर्ण वेळ सांभाळीत असताना दुसऱ्या, सर्वस्वी निराळ्या दिसणाऱ्या विद्येत प्रवेश मिळविणारी माणसे मी गेले वर्षभर शोधीत होतो, आणि त्यांच्याशी बोलताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. बाहेरचा माणूस विचारतो की कोणता अभ्यासक्रम घेतला, कोणती भाषा शिकली, फी किती पडली. पण जो या वाटेने गेला आहे तो बोलू लागला की दोनच गोष्टींविषयी बोलतो. एक, तास कोठून आणले आणि ते वस्तुतः कोणाचे होते. आणि दुसरी, जुन्या कामातले काय नव्या कामात उपयोगी पडले.

भाऊसाहेबांच्या बाबतीत रात्रीची सवय सरकारनेच लावली होती. ई-फेरफार प्रणाली गावोगाव सुरू झाली त्या काळात दिवसा सर्व्हरवर इतका ताण येई की एक नोंद घेण्यात सकाळ निघून जावी, आणि म्हणून राज्यातले कितीतरी तलाठी जेवणे उरकून रात्री लॅपटॉप उघडून बसत व मध्यरात्रीनंतर, राज्य निजल्यावर, आपल्या नोंदी उरकीत. २०१७ च्या उन्हाळ्यात हस्तलिखितावरून संगणकात उतरलेले सातबारे चावडीवर वाचून दाखविण्याची मोहीम निघाली. खातेदारांनी आपापल्या चुका तेथल्या तेथे सांगाव्यात आणि तलाठ्याने त्या दुरुस्त कराव्यात, असा तिचा हेतू होता. कोणाच्या आजोबांचे नाव गळालेले, कोणाचे वीस आर दोन हेक्टर झालेले, कोणाचा फेडलेला सोसायटीचा बोजा अजून चढलेलाच. याच सुमारास वरून याद्या येऊ लागल्या: अमुक गटात खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळत नाही, अमुक गटात पोटखराब्याचा मेळ बसत नाही. भाऊसाहेबांच्या मनात तेव्हा एक साधा प्रश्न उभा राहिला, आणि तोच त्यांच्या आयुष्यातील फेरफाराचे मूळ ठरला. तीन गावांच्या दप्तरात जी विसंगती शोधण्यास त्यांना उभा पावसाळा लागला असता, ती यंत्राने एका रात्रीत कशी शोधली? त्याला नेमके काय विचारण्यात आले होते?

उत्तर मिळण्यास चार वर्षे लागली, पण ते मिळाले तेव्हा, ते म्हणाले, "मला काही नवे शिकल्यासारखे वाटलेच नाही. आमच्याच दप्तराला कोणीतरी इंग्रजीत नावे दिली आहेत असे वाटले."

या उद्गाराचे मर्म समजण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. ज्या इंदापूर तालुक्यात ही वही लिहिली गेली, त्याच तालुक्यात, प्रिंगल या अंमलदाराने आधी ठरविलेली आकारणी फसल्यानंतर, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अंमलदारांनी १८३६ च्या सुमारास नवी मोजणी व नवी आकारणी केली, आणि पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेलेल्या जमाबंदीचा पाया येथल्या शेतांत घातला गेला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. गाव नमुन्यांची व्यवस्था स्थिर झाली. जमीन महसूल अधिनियम, १९६६ याने ती आपल्या राज्यात पुढे चालविली. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही, आठ-अ म्हणजे एकेका खातेदाराची सारी जमीन एकत्र दाखविणारा उतारा. सातवर प्रत्येक नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो, आणि तो क्रमांक धरून सहा नंबर उघडला की ते नाव तेथे खरेदीने आले, वारसाने आले की वाटपाने आले हे कळते.

आता दुसरीकडे पाहा. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला, आणि आज बँकांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत जी माहिती साठविली जाते तिच्या बऱ्याच मोठ्या भागाची मांडणी त्या निबंधातील विचारांवर उभी आहे. माहिती तक्त्यांत मांडावी. प्रत्येक ओळीला तिची ओळख पटविणारी एक किल्ली असावी. एका तक्त्यातील किल्ली दुसऱ्यात लिहून दोहोंचे नाते सांगावे. आणि आत माहिती कोणत्या क्रमाने रचली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये, हे त्या विचारांचे सार होय. गट क्रमांक ही किल्ली, फेरफार क्रमांक हे नाते, आठ-अ हा त्याच माहितीचा निराळ्या अंगाने घेतलेला उतारा: ज्याने आठ वर्षे तलाठ्याचे दप्तर वाहिले त्याला हे समजावून सांगण्यास व्याख्यात्याची गरज पडू नये. 'गटवार बेरीज घे आणि जेथे ती गटाच्या क्षेत्राशी जुळत नाही तेवढेच गट दाखव' हे वाक्य एसक्यूएल या भाषेत चार ओळींत लिहिता येते, हे ज्या पहाटे कळले त्या पहाटेच्या शेऱ्यात भाऊसाहेबांनी लिहिले आहे: 'उत्तर सापडले'. वहीत इतरत्र कोठेही अध्ययनाविषयी असा शेरा नाही.

२०२१ च्या उत्तरार्धात त्यांनी मद्रास आयआयटीच्या दूरस्थ पदवी-अभ्यासक्रमात नाव नोंदविले. २०२० साली घोषित झालेल्या या अभ्यासक्रमाची रचना नोकरदारास सोयीची आहे: प्रवेशासाठी अखिल भारतीय स्पर्धा-परीक्षा नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता सिद्ध करावयाची, वर्षात तीन सत्रे, व्याख्याने आपल्या सवडीने पाहावयाची, पण दर आठवड्याचा स्वाध्याय मुदतीत द्यावयाचा, आणि परीक्षा मात्र केंद्रावर स्वतः हजर राहून. पायाभूत पातळी, पदविका, पदवी अशा पायऱ्या असून कोणत्याही पायरीवर प्रमाणपत्र घेऊन उतरता येते. एका विषयास आठवड्याला दहा तास लागतात, असे धरले जाते. भाऊसाहेबांनी प्रत्येक सत्रास दोनच विषय घेतले, म्हणजे आठवड्याचे वीस तास. पहाटे चार ते सहा, रविवारी दुपारपर्यंत, आणि उरलेले कसेबसे.

वीस हा आकडा लिहिण्यास सोपा आहे. पंचनाम्यांच्या हंगामात सकाळी सातला शेतात उभे राहून सायंकाळी सातला परतणाऱ्या माणसाच्या घरात हे वीस तास कोणीतरी काढून द्यावे लागतात; ते आकाशातून पडत नाहीत. भाऊसाहेबांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. पहाटेचा चहा, मुलीची शाळा, सासऱ्यांचे पथ्यपाणी, बाजार, नातेवाइकांच्या लग्नकार्यांत दोघांच्या वतीने एकटीने लावलेली हजेरी, हे सारे सांभाळून त्याही दहा वाजता वर्गावर उभ्या राहत होत्या. मी त्यांना विचारले की त्या तीन वर्षांत सर्वांत जड काय गेले. त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "हे घरात असायचे आणि नसायचे. मुलगी विचारायची, बाबा आज ऑफिसमध्ये आहेत की अभ्यासात? तिसरं काही तिला ठाऊकच नव्हतं." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, पण ते वाक्य मी टिपून घेतले, कारण दोन हजार एकशे चाळीस या बेरजेत त्यांचे तास कोणत्याच रकान्यात नाहीत.

दिवसा चाकरी आणि उरलेल्या वेळी विद्या ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पण त्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी एक जागा होती, बाकावर शेजारी बसणारा तसाच थकलेला एक सोबती होता. भाऊसाहेबांच्या पहाटेला असा सोबती नव्हता, आणि दूरस्थ शिक्षणाच्या गुणगानात ही उणीव पुष्कळदा झाकली जाते असे मला वाटते.

सरकारी नोकरास शिकावयाचे तर खात्याची परवानगी लागते. ती त्यांनी अर्ज करून, कर्तव्यात कसूर होणार नाही अशी हमी देऊन, मिळविली. निवडणुकीच्या कामाला मात्र कोणतीच हमी पुरत नाही. दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीचे मतदान ज्या रविवारी आले, त्याच रविवारी सत्राची अंतिम परीक्षा होती. निवडणुकीचा हुकूम टाळता येत नाही. टाळावा असे त्यांच्या मनातही आले नाही. मतपेट्यांच्या जागी आलेली यंत्रे तहसीलमध्ये जमा करून ते मध्यरात्री घरी पोहोचले, आणि वहीत त्या दिवसाच्या ओळीत पुढे 'शून्य मिनिटे, मतदान' एवढेच आहे. दोन विषय बुडाले, चार महिने गेले. पुढच्या सोमवारी 'पासून' या रकान्यात पुन्हा चार वाजलेले आहेत.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मला भेटलेल्या एका सीएनसी ऑपरेटरची अडचण याहून निराळी होती. त्याला वीस तास मिळत, पण ते दर आठवड्याला जागा बदलीत. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी असे चक्र फिरत असल्यामुळे ज्या वेळी गेल्या आठवड्यात मेंदू ताजा होता त्याच वेळी या आठवड्यात डोळे मिटत. त्याने घड्याळ सोडून दिले आणि पाळी संपल्यानंतरचा पहिला तास, मग तो सकाळचा असो वा मध्यरात्रीचा, अभ्यासाचा ठरविला. आपण प्रोग्रॅमिंग मुळापासून शिकत आहोत असे त्याला आरंभी वाटत असे, आणि ते खरे नव्हते. लेथवर जॉब लावून तो वर्षानुवर्षे यंत्राला लेखी आज्ञाच देत आला होता: जी०० म्हटले की टूल वेगाने जागेवर जाते, जी०१ म्हटले की ठरविलेल्या फीडने सरळ रेषेत कापत जाते, एम३० म्हटले की कार्यक्रम संपून पुन्हा आरंभाशी येतो. आज्ञा क्रमाने पाळल्या जातात, आणि एक चुकीचा आकडा टूल मोडतो, ही शिस्त अनेक पदवीधरांना वर्गात बसून येत नाही. ती त्याच्या बोटांत होती. पायथन शिकल्यावर त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर जॉबची मोजमापे वाचून टूल किती झिजले आणि ऑफसेट केव्हा बदलावा हे सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने कारखाना सोडलाच नाही. तो त्याच शेडमध्ये आहे, टेबल निराळे झाले आहे आणि तिसरी पाळी सुटली आहे.

आणि पुण्यातील एका खासगी रुग्णालयातील परिचारिका, जिने चौदा महिने रात्रपाळीच्या पोकळ तासांत अभ्यास केला आणि सासूबाईंना अर्धांगाचा झटका आल्यावर तो थांबविला, तिच्याविषयीही येथे लिहिले पाहिजे. कारण अशा लेखांत पोहोचलेल्यांचीच गणना होते. तिची बुद्धी कमी पडली नाही, चिकाटीही नाही. तिचे तास दुसऱ्या एका माणसाला अधिक निकडीने लागले, आणि तिने ते दिले. तिचा लॅपटॉप मी पाहिला. तो आता मुलाच्या अभ्यासाला आहे.

ज्या काळात भाऊसाहेबांची पदविका पूर्ण होत आली, तो काळ या धंद्यात नव्याने शिरणाऱ्यास अनुकूल नव्हता. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएससारख्या कंपनीची कर्मचारी-संख्या १३,२४९ ने घटली. महाविद्यालयांतून होणारी भरती मंदावली. आणि साधा, ठरावीक साच्याचा कोड आता यंत्रच लिहून देऊ लागल्यामुळे नवशिक्याला पूर्वी ज्या कामावर हात बसविण्यास मिळे ते कामच आटत चालले. पस्तीस वर्षांच्या माणसाने बावीस वर्षांच्या पदवीधरांच्या रांगेत उभे राहून त्यांच्याच मोजपट्टीने मोजून घेणे यात काही शहाणपण नव्हते, पण हे त्यांना एकतीस अर्ज करून झाल्यावर उमगले. एकतीसांपैकी तिघांनी उत्तर दिले. तिसरी कंपनी शेतीकर्जे देणाऱ्या संस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करीत होती.

मुलाखतीत त्यांना जमिनीच्या मालकीचा एक तक्ता दाखवून तो वाचण्यास सांगण्यात आले. त्या रचनेत जमीन विकली गेली की जुन्या मालकाचे नाव पुसून त्या जागी नवे घातले जाई. भाऊसाहेबांनी ते पाहिले आणि विचारले, "आणि फेरफार रद्द झाला तर?" समोरच्यांना प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सांगितले की सातबाऱ्यावर नाव कमी झाले म्हणजे ते खोडावयाचे नसते, त्याला कंस करावयाचा असतो. कारण खरेदीवर हरकत येते, दावा लागतो, प्रांत किंवा कलेक्टर अपिलात नोंद फिरवितात, आणि तेव्हा कंसातले नाव पुन्हा बाहेर काढावे लागते. कर्ज देणाऱ्याला आजचा मालक ठाऊक असून भागत नाही. कालचा मालक कोण होता, आणि त्याचे नाव कोणत्या क्रमांकाच्या फेरफाराने गेले, हेही ठाऊक असावे लागते. त्या रचनेमुळे त्या कंपनीचे दोन ग्राहक यापूर्वीच अडचणीत आले होते, हे त्यांना पुढे कळले. त्या दिवशी एवढेच घडले की तासाभराची मुलाखत तीन तास चालली.

पगार तलाठ्याच्या वेतनापेक्षा दरमहा सुमारे पंधरा हजारांनी कमी होता. सरकारी नोकरी ज्या घरात दोन पिढ्यांच्या आशेनंतर आली आहे त्या घरात ती सोडण्याची गोष्ट काढणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यातल्या वाचकास मी सांगण्याची गरज नाही. वडिलांनी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तिथं काम चुकलं तर काढून टाकतील का?" भाऊसाहेबांनी "हो" म्हटले. वडील म्हणाले, "मग चुकू नकोस." तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. मला स्वतःला विचाराल तर मुलाच्या मनात तीन वर्षे जे चालले होते ते त्या वृद्ध शेतकऱ्याला पहिल्यापासून दिसत असावे. पहाटे चार वाजता घरातला दिवा लागलेला गोठ्यातून दिसतो.

राजीनाम्याची सूचना, नादेय प्रमाणपत्र, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला असे सोपस्कार होऊन कार्यभार सोडण्याचा दिवस आला. तीन गावांचे दप्तर यादीबरहुकूम नव्या तलाठ्याच्या हवाली करताना सायंकाळ झाली. गावच्या कोतवालाने, जो अकरा वर्षे त्यांच्याबरोबर बांधाबांधावरून फिरला होता, विचारले की पुण्याला आता कोणत्या गावचे दप्तर मिळाले. भाऊसाहेबांनी त्याला समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, आणि शेवटी म्हणाले की पुष्कळ गावांचे, पण चावडी नाही.

आता ते आठवडाभर हडपसरला एका खोलीत राहतात आणि शनिवारी रात्री एसटीने घरी येतात. नवा तलाठी अजून अधूनमधून फोन करून एखाद्या जुन्या नोंदीविषयी विचारतो. कंपनीतल्या त्या तक्त्यात आता नाव पुसले जात नाही. त्यात एक नवा रकाना आहे, आणि भाऊसाहेबांच्या आग्रहामुळे त्याचे नाव 'कंस' असेच ठेवलेले आहे. त्यांच्याबरोबर काम करणारी बंगळुरूची एक मुलगी तो शब्द प्रत्येक वेळी निराळ्या तऱ्हेने उच्चारते, असे त्यांनी कौतुकाने सांगितले.

मी गेलो तो रविवार होता. वही चाळून झाल्यावर मी ती मिटू लागलो, तेव्हा त्यांनी एक कोरे पान सोडून पुढचे पान उघडून दाखविले. तेथे रकाने तसेच आखले होते, पण अक्षर वेगळे, शाळेच्या फळ्यावर शोभणारे, गोल व सुटे होते. पत्नीचा, केंद्रप्रमुखपदाच्या विभागीय परीक्षेचा, अभ्यास जूनपासून सुरू झाला होता. 'पासून' या रकान्यात रविवारी सकाळी नऊ वाजलेले होते, 'पर्यंत' मध्ये एक. आणि आत स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा, थोडा अनियमित, आवाज येत असता त्यांनी मला घाईने सांगितले की पाणी उकळले आहे, ते पाहून येतो, आणि ते उठून आत गेले.